पत्रिका कुणाला, म्यूट कुणाला

फेसबुकच्या मार्क झुकरबर्गनं २०१० मध्येच सांगून टाकलं होतं की, लोकांना याद्या करायला आवडत नाही. मित्रांच्या वेगवेगळ्या याद्या करायची सोय फेसबुकनं दिली होती. पण ती वापरणारे फारच थोडे निघाले. माणूस हुशार आहे, यात वाद नाही. पण तो लग्नसराईत बीड जिल्ह्यात आलेला नाही, हेही तितकंच खरं.

आमच्याकडं तिथी निघाली की मंगल कार्यालयाच्या आधी यादी निघते. घरातली चार कर्ती माणसं सतरंजीवर बसतात. मधे मागच्या लग्नातली आहेराची वही. एक जण नाव वाचतो, दुसरा ‘हं’ म्हणतो, तिसरा ‘ह्यांनी आपल्या वास्तुशांतीला काय आणलं होतं?’ असं विचारतो, आणि चौथ्याकडं फक्त तोंड वाकडं करायचं काम असतं. घरी जाऊन, अक्षता ठेवून पत्रिका कुणाला द्यायची. जाता-येता भेटला तर हातात कुणाच्या द्यायची. आणि व्हॉट्सॲपवर टाकून ‘हेच आग्रहाचं आमंत्रण समजावं’ असं कुणाला म्हणायचं, हे एकदा ठरतं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात: चूलबंद कुणाला आणि घरटी कुणाला? चूलबंद आवतण म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाही, तान्ह्या पोरापासून आजीपर्यंत सगळे जेवायला. घरटी म्हणजे घरातला एकच माणूस. एखादं नाव चूलबंदातून घरटीत सरकलं, तर पुढची दोन लग्नं अबोल्यात जातात.

मग पत्रिका छापून येते. तीही यादीच. वर कुलदैवतं, त्यांच्याखाली आमदार-खासदार, मग निमंत्रक, व्यवस्थापक, मामाकुळ, समस्त भावकी आणि तळाशी ‘किलबिल’ या सदरात शाळेत न घातलेली पोरं. या गर्दीत नवरीचं नाव चष्मा लावून शोधावं लागतं.

असा यादीत जन्मलेला आणि यादीत वाढलेला आमच्याकडचा माणूस. मतदार यादीत नाव आहे का, लाभार्थ्यांच्या यादीत आलं का, पीकविम्याच्या यादीतून गळलं का, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बोट फिरवत दोनदा वाचणारा. त्याच्या हातात मोबाईल आला. आणि तिथली माणसं नीट लावून ठेवणं मात्र त्याला जमेना.

सोयी कमी आहेत म्हणावं, तर तसंही नाही. ट्विटरनं २००९ मध्येच ‘लिस्ट’ काढल्या. माणसाला फॉलो न करता यादीत टाकायचं आणि यादी खासगी ठेवायची. त्याला पत्ताही लागत नाही. भिंतीला कान लावायची इतकी अधिकृत सोय याआधी कुणी दिली नव्हती. गूगलनं जून २०११ मध्ये गूगल प्लस आणलं. त्यात वर्तुळं होती: कुटुंबाचं वेगळं, मित्रांचं वेगळं, नुसत्या ओळखीच्यांचं वेगळं. माणसाचा फोटो ओढायचा आणि वर्तुळात सोडायचा. आणि अख्खं वर्तुळच नकोसं झालं तर पुसायचं; मग ते गडगडत पडद्याबाहेर जायचं. सगळी भावकी अशी गडगडत नजरेआड होताना बघण्याचं सुख फार थोड्यांच्या नशिबी आलं, कारण २ एप्रिल २०१९ रोजी गूगल प्लस स्वतःच गडगडलं.

त्याच २०११ मध्ये फेसबुकनं, लोक याद्या करत नाहीत तर आपणच करून देऊ म्हणून, तयार याद्या वाढल्या. ‘क्लोज फ्रेंड्स’ म्हणजे जवळचे. ‘अक्वेंटन्सेस’ म्हणजे ज्यांचं फार काही बघायचं नाही असे. आणि तिसरी ‘रिस्ट्रिक्टेड’. हिच्यात टाकलेला माणूस फ्रेंड राहतो, पण तुम्ही जगजाहीर केलंय तेवढंच त्याला दिसतं. थोडक्यात, त्याला ओसरीवर बसवून चहा द्यायचा आणि माजघराचा पडदा ओढून घ्यायचा. इन्स्टाग्रामनं २०१८ मध्ये जवळच्या लोकांसाठी हिरवं कडं काढलं. आणि २०२४ मध्ये व्हॉट्सॲपनंही याद्या दिल्या. हव्या त्या नावानं यादी करा, हवी ती माणसं आणि ग्रुप तिच्यात टाका.

हे सगळं ज्या गावांत सुचलं, तिथं एक माणूस एक नातं घेऊन येत असावा. ऑफिसातला तो ऑफिसातला, कॉलेजातला तो कॉलेजातला. आमच्याकडं एका नात्यावर कुणाचंच भागत नाही.

आमचे एक दाजी घ्या. चुलत बहिणीचे यजमान, म्हणून ते ‘पाव्हणे’ या यादीत. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणून ‘उधारी’त. भिशीत आहेत, म्हणून ‘भिशी’त. शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत आणि मी पडलो मास्तर, म्हणून ‘शाळे’त. पंढरीच्या वाटेवर एकाच दिंडीत होतो, म्हणून ‘वारी’त. आणि एका नेत्याचे कट्टर समर्थक असल्यामुळं ‘राजकारण’ या यादीत तर ते अध्यक्षपदीच बसतील. आता ‘राजकारण’ यादी गुंडाळून ठेवावी, तर युरियाची गाडी आल्याचं कळत नाही. कारण दाजी वेगवेगळे मेसेज करत नाहीत. नेत्याला घातलेले हार, त्याखाली ‘भाऊंचा नादच खुळा’, त्याखाली अभंग, आणि अगदी तळाशी ‘भिशी रविवारी, युरिया आला आहे’. एवढा डोंगर चढल्याशिवाय रविवार दिसत नाही.

रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं असं मांडलंय की, माणसाच्या मेंदूला साधारण दीडशे नाती नीट सांभाळता येतात. दीडशे! तेवढी तर आमच्या भावकीतच आहेत, आणि त्यात बांधावरून कोर्टात गेलेले धरलेले नाहीत. त्यांना धरायचं की नाही, हे डनबारसाहेबांनी सांगायला हवं होतं, कारण सगळ्यात नेटानं सांभाळलेलं नातं तेच असतं. तारीख चुकवत नाही कुणी.

तेव्हा फीड जशी येईल तशी घ्यायची. पहाटे पाचला अंबाजोगाईची योगेश्वरी, पाठोपाठ परळीचा वैद्यनाथ. साडेपाचला गुलाबाच्या फुलावर दव आणि त्यावर आयुष्याचं सार. सहाला आडतीवरचा सोयाबीनचा भाव. सातला निधन वार्ता, अंत्यविधीच्या वेळेसकट. आणि पावसाळा असेल तर माजलगाव धरणाची टक्केवारी. ही टक्केवारी जो चुलतभाऊ न चुकता टाकतो, तोच न चुकता कावीळ घालवायचे उपायही टाकतो. त्याला म्यूट करण्यासाठी माझं बोट अनेकदा आठ तास, एक आठवडा, कायमचं या तीन पर्यायांवर घुटमळलंय. पण धरण किती भरलं, हे कळल्याशिवाय आमच्याकडं रब्बीचं गणित बसत नाही. आणि फोनला अजून धरण ठेवून कावीळ गाळता येत नाही.

बोटानं वर सरकवत राहायचं, संपतच नाही, असा मजकूर ही काही आजची गोष्ट नाही. आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी लांबलचक कापडावर आपलं ‘पंचीकरण’ लिहून ठेवलं. ती पासोडी आजही आहे. पण तिच्यात एकाच माणसाचं लिहिणं आणि एकच विषय. मधेच कुणाचा वाढदिवस येत नाही, आणि ‘हा मेसेज अकरा जणांना पाठवा’ असंही तळाशी लिहिलेलं नाही. यादीची गरज पडते ती पासोडीवर सगळ्या गावाला लिहू दिल्यावर.

वाढदिवसाचं म्हणाल, तर आमच्याकडं फीड आधी चौकात आली आणि मग फोनमध्ये. फ्लेक्स बघा कुठलाही. वरच्या ओळीत गोल चौकटींत राज्याचे नेते, त्यांच्याखाली जिल्ह्याचे. मधोमध ज्याचा वाढदिवस तो: गॉगल, पांढरा शर्ट, एक हात केसांतून. त्याच्या नावामागं ‘भावी’ हा शब्द, पुढं काय ते निवडणूक जाहीर झाल्यावर भरायचं. आणि तळाशी शुभेच्छुक, पोस्टाच्या तिकिटाएवढे. या तिकिटांतही मान आहे. डावीकडून पहिला कोण, कोपऱ्यात कोण, अर्धा चेहरा बांबूखाली कुणाचा गेला, यावरून मंडळं फुटलेली आहेत. मोबाईलवाल्यांनी ‘जवळचे’ आणि ‘ओळखीचे’ असे दोन-तीनच कप्पे केले. आमचा फ्लेक्सवाला एका बोर्डावर सात पायऱ्या बसवतो आणि वर जीएसटी घेत नाही.

त्याच दिवशी तोच फ्लेक्स फोनवर स्टेटस होऊन येतो. एकाच दादाचा वाढदिवस, एकच फोटो, फक्त कोपऱ्यातलं तिकीट दर स्टेटसला वेगळं. तो न बघता पुढं जायची सोय व्हॉट्सॲपनं दिली आहे. पण कुणी कुणी बघितलं याची नोंदही तिथंच खाली दिली आहे. शाळेत आम्ही हजेरी घेतो ती तोंडदेखली. खरी हजेरी रात्री नऊनंतर स्टेटसखालच्या डोळ्याच्या चिन्हावर घेतली जाते.

या याद्यांना आणि हजेरीला अपवाद म्हणजे १७ सप्टेंबर २०२५. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आणि त्या दिवशी अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. पिढ्या गेल्या होत्या वाट बघण्यात. त्या दिवशी भावकी, सोयरे, शाळा, उधारी, दोन्ही गट, तिन्ही पक्ष, सगळ्यांच्या स्टेटसला एकच इंजिन. दिवसभर कुणालाही कुठल्याही यादीत टाकावंसं वाटलं नाही. संध्याकाळी ‘रेल्वे नेमकी कुणामुळं आली’ हा विषय निघाला आणि याद्या पुन्हा जागच्या जागी बसल्या.

तशा त्या बसतात फार लवकर. नाव सांगितल्यावर आमच्याकडं समोरचा थांबून राहतो, आडनावाची वाट बघत. २०२५ मध्ये बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावच काढून टाकायला लावलं. पाटीवर फक्त पहिलं नाव. विचार चांगलाच. पण तक्रार घेऊन आलेला आमचा माणूस पाटी वाचून गप्प बसणारा नव्हे. ‘साहेब, गाव कोणतं?’ हा पहिला प्रश्न. ‘मूळचं का?’ हा दुसरा. ‘अन् मामाचं गाव?’ हा तिसरा. तिसऱ्या उत्तराला आडनाव हातात येतं आणि साहेब यादीत बसतात.

फोनला तर एवढेही प्रश्न विचारावे लागत नाहीत. ज्या भाषणावर तुम्ही जास्त वेळ थांबता, तशीच भाषणं तो पुढं आणून ठेवतो. थोड्याच दिवसांत फोनला तुमचं आडनाव तोंडपाठ होतं. मग एकाच बाकावर बसलेल्या दोन मास्तरांच्या दोन फोनांत दोन वेगवेगळे बीड जिल्हे दिसायला लागतात, आणि मधल्या सुट्टीत ते एकमेकांना विचारतात, ‘तुला हे दिसलंच नाही?’ आपण केलेल्या याद्या फार तर चार माणसं अडवतात. न करता झालेली ही यादी अख्खा बाक मधून कापते.

दिवाळी संपत आली की आमच्या फीडमधून निम्मं गाव निघून जातं. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मग स्टेटसला फड दिसतात, पहाटेच्या अंधारात भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली दिसते, मोळीवर बसलेलं पोरगं दिसतं. गावाकडची म्हातारी ते नातवाकडून लावून घेऊन बघते. तिच्या फोनला यादीची गरज नाही. तिला बघायचीत ती माणसं दोन. मुकादमाकडं मात्र वही असते, कुणाला किती उचल दिली त्याची. त्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसं, मिळून एक हत्यार. माणसांना थोडक्यात बसवायचं कसब कॅलिफोर्नियातून शिकायची आम्हाला गरज नव्हती.

आमची खरी यादी, मला विचाराल तर, फोनबुकात असते. ती कुणी मुद्दाम केलेली नसते, म्हणून खरी. शेजाऱ्याचा फोन सहज चाळा: ‘टँकर’, ‘बोअरवाले भाऊ’, ‘लाईनमन नवा’, ‘लाईनमन जुना’, ‘गेवराई पाव्हणे’, ‘गेवराई पाव्हणे खरे’, ‘मुकादम’, ‘गणित सर’, ‘उचलू नको’, ‘उचलू नको २’. माणूस कशासाठी लागतो, तेवढंच लिहिलेलं. त्यात नुसत्या नावानं जतन केलेली माणसं चार-दोनच सापडतात. ज्यांच्याकडं काही काम नाही, तरी फोन करावासा वाटतो, अशी. ‘क्लोज फ्रेंड्स’ म्हणतात ते हेच असावेत.

अनोळखी नंबर कुणाचा ते सांगणारी ॲपं आली, तेव्हा या यादीचा बोभाटा झाला. लोकांनी तुम्हाला ज्या नावानं जतन केलंय, ते नाव परक्यालाही दिसायला लागलं. गावातल्या एका समाजसेवकांनी चौकाचौकांत ‘कार्यसम्राट’ असे फ्लेक्स लावले होते. त्यांचा फोन आला की ‘प्लॉट दलाल केज रोड’ अशी अक्षरं उमटायची. फ्लेक्सला खर्च आला होता. ही पदवी जनतेनं फुकट दिली होती.

काही लोक सुचवतात, ग्रुप सोडून द्या ना सरळ. सोडता येतो. पूर्वी ‘अमुक यांनी ग्रुप सोडला’ अशी दवंडीच पिटली जायची. २०२२ पासून ते फक्त ॲडमिनला कळतं, बाकीच्यांना नाही. पण ही सोय करणाऱ्यांनी आमचा ॲडमिन पाहिलेला नाही. तो ग्रुपवर लिहितो, ‘आपले सर गुपचूप बाहेर पडले आहेत. काही नाराजी असल्यास चर्चेनं सोडवू.’ त्यावर अठ्ठावीस अंगठे, आणि संध्याकाळी तिघं जण नाराजी सोडवायला घरी.

दाजींना मी कुठल्याच यादीत बसवू शकलो नाही. म्हणून त्यांचे स्टेटस तेवढे म्यूट केले. यादी नाही, तर एक खिडकी बंद, एवढंच. मग एकदा बसस्टँडवर गाठ पडली.

“काय पाव्हणं,” दाजी म्हणाले, “स्टेटस बघणं बंद केलं व्हय आमचं?”

“नाही हो दाजी. नेट नसतंय घरी. रेंजच येत नाही.”

“असं व्हय.” त्यांनी मान हलवली. “मला वाटलं, काही चुकलं-माकलं का काय आमचं.”

विषय तिथंच मिटला असं मी समजलो. आमच्या लग्नाच्या यादीतून कुणाचं नाव कधीच कटत नाही, आणि ज्याचं नाव आहे त्याचं देणं-घेणं चुकत नाही. फोनमधली यादी त्यातून सुटायला केलेली असते, आणि सुटायचं कुणाच्या हातून, तर ज्याच्या घरचं आपण जेवलो त्याच्या. एवढा हिशेब मी करायला हवा होता. दाजींनी केला.

रविवारी सकाळी मोटारसायकल दारात लागली. दाजी सोफ्यावर बसले, खिशातून फोन काढला, आवाज पूर्ण मोठा केला आणि आठवडाभराचे स्टेटस मला एकेक करून दाखवायला घेतले. नेत्याचा सत्कार, क्रेननं घातलेला हार, कापसावरची बोंडअळी, एक कीर्तन जवळजवळ अख्खं, पुन्हा नेता. मी मधेच मान वळवली की ते खांद्यावर हात ठेवून पुन्हा फोनकडं वळवत. त्यांना म्यूट करायचं बटण सोफ्याला कुठंच नव्हतं. चहा झाला, पोहे झाले, घरातून ‘जेवूनच जा दाजी’ असा आवाजही आला. ते जेवले.

निघताना गाडीला किक मारून म्हणाले, “दर रविवारी येत जाईन आता. तुमच्याकडं नेट नसतंय ना.”